हद्दीपलीकडचा आरोपी

महाडहून वरंधा घाट चढून गेले की आज फक्त जिल्हा बदलतो. १९४८ पूर्वी राज्य बदलत असे. घाटावर पंत सचिवांचे भोर संस्थान, पश्चिमेला म्हसळा-श्रीवर्धनकडे जंजिऱ्याच्या नवाबाचा मुलूख आणि महाड-पोलादपूर इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात. दरोडा घालून रातोरात डोंगर ओलांडणारा माणूस सकाळी दुसऱ्याच अमलाखाली असे.

१९०३च्या प्रत्यर्पण कायद्याने यावर वाट काढली होती. संस्थानात गुन्हा करून कोणी इंग्रजी हद्दीत शिरला, तर त्या संस्थानाचा पोलिटिकल एजंट तिथल्या जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नावे वॉरंट काढी आणि आरोपी पकडून ताब्यात दिला जाई. युरोपियन ब्रिटिश प्रजाजन तेवढा या कलमातून वगळलेला होता. गंमत म्हणजे जंजिऱ्याचा पोलिटिकल एजंट कुलाब्याचा कलेक्टरच असे आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटही तोच. म्हणजे मागणारा आणि देणारा एकच साहेब. तरी कागद लागेच.

८ मार्च १९४८ रोजी भोर आणि जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाले. घाटातली सरहद्द पुसली गेली. प्रश्न समुद्रापार गेला. एकेकाळच्या जंजिरा मुलखातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३मध्ये स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. त्या खटल्यातला फरारी आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला.

इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे अटकेचा हुकूम, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती शोध घेण्याची आणि तात्पुरते अडकवून ठेवण्याची विनंती असते. तिला किती वजन द्यायचे, हे तो देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. पोर्तुगालमध्ये फाशीही नाही, जन्मठेपही नाही. म्हणून फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपलीकडे कैदेत ठेवणार नाही, अशी हमी भारताने दिली, तेव्हा नोव्हेंबर २००५मध्ये सालेम हाती आला. २०१७मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये बजावले.

ज्यांची माणसे गेली, त्यांना हा हिशेब अपुरा वाटेल, आणि तसे वाटणे रास्तच आहे. पण हा शब्द मोडला, तर पुढचा आरोपी मागायला गेल्यावर आपल्या कागदावर कोण विश्वास ठेवील?