वडिलांचा कारभार

मी जाते त्या मंडळीत मागच्या रविवारी उपासनेनंतर एक पत्र वाचून दाखवलं. नवी कमिटी वरूनच नेमली होती. हात वर करायला कुणी सांगितलं नाही, हरकत विचारली नाही. नोकरीपायी नांदेड-लातूरला पांगलेल्या आम्हा जालनेकरांच्या हे जिव्हारी लागलं. आम्ही स्कॉटिश मिशनच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतले. तिथं पाळकाच्या जोडीनं कारभार पाहायचे ते मंडळीनं निवडलेले वडील.

मिशन स्कॉटलंडचं, पण जालन्यात पाया घातला इथल्याच माणसानं. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नारायणराव पुढं जालन्याला आले, मांग-महार कुटुंबांत राबले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल गाव वसवलं.

1924 साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एक झाले. त्यावर आमच्या घरात कुणी फारसं बोलत नसे.

29 नोव्हेंबर 1970 ला मात्र नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. ऐक्य हवंच होतं. पण आमच्याकडे बिशप आले आणि वडिलांचं वजन हळूहळू उतरलं. ते वजन काय होतं, ते मी 1972 च्या दुष्काळात पाहिलंय. आमच्या गल्लीचे वडील रेल्वेत गँगमन. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. प्रभुभोजनाच्या आधी ते घरोघर यायचे. दारात चपला काढल्या की नजर आधी चुलीकडं. तव्यावर रेशनच्या लाल मिलोची भाकरी दिसली तर संध्याकाळी न बोलता पिशवीभर ज्वारी यायची. भावाभावांत अबोला असेल तर दोघांना समोरासमोर बसवायचे. तो मिटल्याशिवाय मेजाजवळ यायचं नाही, असं बजावायचे. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण गेलंय, कुणाचा पगार अडलाय, सगळं त्यांना तोंडपाठ.

वर्षाच्या शेवटी हिशेबाची वही सगळ्यांपुढं उघडायची. चौथी शिकलेल्या माझ्या आईनं एकदा रॉकेलच्या खर्चावर बोट ठेवलं. मामा रागावले नाहीत. खिशातून पावती काढून तिच्या हातात दिली.

आज खर्च विचारला तर श्रद्धा कमी पडली म्हणतात. येत्या वार्षिक सभेत मी लेखी हिशेब आणि वडिलांची निवडणूक, दोन्ही मागणार आहे. अर्ज तयार आहे. मंडळीतल्या बायकांनी आधी सह्या कराव्यात.