‘मोअर फास्टर’ कोण धावलं?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नीरज चोप्रानं टोकियोपेक्षा लांब भाला फेकला. टोकियोत 87.58 मीटर, पॅरिसमध्ये 89.45. आता हे वाक्य इंग्रजीत म्हणून बघा. मनातल्या मनात म्हणा, कट्ट्यावरचे सगळे बघतील नाहीतर.

‘नीरज थ्रू मोअर फार्दर’ असं काहीतरी निघालं? की ‘नीरज थ्रो फार दॅन टोकियो’? दोन्ही वाक्यं गडबडलेली आहेत. आणि मजा म्हणजे, ही गडबड आपल्या मराठीतूनच येते.

आपण म्हणतो, ‘तो माझ्यापेक्षा लवकर आला.’ यात ‘लवकर’ जागचा हलत नाही. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो. त्या सवयीनं आपण इंग्रजीतही ‘दॅन’ टाकून मोकळे होतो: ‘ही केम अर्ली दॅन मी.’ पण तिथं ‘दॅन’ आला तरी ‘अर्ली’ला ‘अर्लियर’ व्हावंच लागतं. याच्या उलटही होतं. आपण जोर देऊन ‘जास्त लवकर’ म्हणतो, त्याचं इंग्रजीत ‘मोअर अर्लियर’ होतं. अहो, ‘अर्लियर’च्या पोटात ‘जास्त’ आधीच बसलाय! अगदीच खूप लवकर आला असेल, तर ‘मच अर्लियर’ म्हणा. ‘व्हेरी अर्लियर’ मात्र नको.

शेक्सपिअरच्या काळात अशी दुहेरी तुलना चालायची. ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनीच्या भाषणातसुद्धा तसला प्रयोग आहे. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लोथनं 1762 मध्ये इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात हे अयोग्य ठरवलं. त्यामुळे ‘मोअर बेटर’ म्हणणाऱ्या मित्राला फार हसू नका. तो फक्त चारशे वर्षं उशिरा आलाय.

बाकी नियम तसा छोटाच आहे. फास्ट, हार्ड, लेट, सून असल्या छोट्या शब्दांना शेवटी ‘अर’ लागतो. ‘ली’नं संपणाऱ्या बहुतेक क्रियाविशेषणांच्या आधी ‘मोअर’ येतो: मोअर क्विकली, मोअर केअरफुली. (‘अर्ली’ दिसायला त्यांच्यातला, पण वागायला नाही.) वेल, बॅडली आणि फार यांचे बेटर, वर्स आणि फार्दर होतात, ते पाठच करावे लागतात. ‘हार्ड’पासून जरा सांभाळून. इंटरव्ह्यूमध्ये ‘या सेमिस्टरला मी जास्त मेहनत केली’ म्हणायला ‘आय वर्क्ड हार्डर’ पुरतं. घाईत ‘आय हार्डली वर्क्ड’ म्हणालात, तर ‘मी जवळपास कामच केलं नाही’ असं तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं असतं.

आता भूतकाळ. तो क्रियापदाकडे असतो, आणि तोही एकदाच. ‘थ्रो’चं ‘थ्रू’ झालं की काम झालं. ‘फार्दर’ला काल आणि उद्याशी काही देणंघेणं नाही. नकार द्यायचा असेल तर ‘डिडन्ट थ्रो फार्दर’, कारण भूतकाळ ‘डिड’नं आधीच घेतलाय. ‘डिडन्ट थ्रू’ केलंत की तो दोनदा झाला, अगदी ‘मोअर फार्दर’सारखा.

खरी गोम ‘दॅन’च्या पुढे आहे. ‘दॅन टोकियो’ म्हटलं, तर काय टोकियो शहरानं भाला फेकला होता? मराठीत ‘टोकियोपेक्षा’ खपून जातं. इंग्रजीत नीट म्हणायचं तर, ‘नीरज थ्रू फार्दर इन पॅरिस दॅन ही डिड इन टोकियो.’ इथला ‘डिड’ म्हणजे ‘थ्रू’चा बदली खेळाडू. (तरी पदक रुपेरीच मिळालं, कारण अर्शद नदीमनं 92.97 मीटर फेकला. त्यासाठी ‘इव्हन फार्दर’ आहे.)

हा ‘डिड’ नसेल तर काय होतं बघा. ग्रुपमध्ये भांडण झालंय आणि तुम्ही मैत्रिणीला मेसेज टाकता: ‘आय ट्रस्टेड हिम मोअर दॅन यू.’ तुम्हाला म्हणायचंय की त्याच्यावर तिनं ठेवला त्याहून जास्त विश्वास तुम्ही ठेवला, म्हणजे फसलात तुम्हीच जास्त. ती वाचते की तुमचा विश्वास त्याच्यावर जास्त आणि तिच्यावर कमी. झालं, ब्लॉक! आणि मराठीत लिहूनही सुटका नाही. ‘मी त्याच्यावर तुझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला’ यातही दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजीत निदान सोय आहे. पहिला अर्थ हवा तर ‘दॅन यू डिड’, दुसरा हवा तर ‘दॅन आय ट्रस्टेड यू’. दुसराच खरा असेल, तर मात्र मेसेज न टाकता फोन करा.