टर्कीवरच्या औषधांची तपासणी

गर्द सुटताना होणाऱ्या हालांना आपल्याकडची मुलं ‘टर्की’ म्हणतात. अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. अंगातलं पाणी फार कमी झालं नाही तर हे हाल सहसा जिवावर बेतत नाहीत. म्हणूनच त्यांवरचं औषध तरी जिवावर बेतता कामा नये. ही कसोटी नीट लावायला अमेरिकेला कित्येक दशकं लागली.

केंटकीतल्या लेक्सिंग्टनला १९३५ साली सरकारने ‘नार्कोटिक फार्म’ उघडलं. अर्धा तुरुंग, अर्धं इस्पितळ. तिथे क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी टर्कीला गुण द्यायची पद्धत बसवली. जांभई आली की एक गुण, अंगावर काटा आला की तीन, उलटी झाली की पाच. मोजमाप चोख होतं, पुढच्या पिढ्यांना ते उपयोगी पडलं. पण ज्यांचं मोजमाप होत होतं ते कैदी होते, आणि प्रयोगात भाग घेतल्याबद्दल त्यांना अमली पदार्थ दिले जात, हे १९७५च्या सिनेट सुनावणीत उघड झालं. व्यसनी माणसाला त्याच्याच व्यसनाचं आमिष दाखवून मिळवलेल्या होकाराला मी संमती मानत नाही. पुढच्याच वर्षी कैद्यांवरचे हे प्रयोग बंद झाले.

तोवर लक्ष मुख्यतः एकाच प्रश्नावर होतं: नव्या औषधाचीही सवय लागते का? हृदयाचा प्रश्न उशिरा आला. गर्दऐवजी दिल्या जाणाऱ्या मेथाडोनच्या जातीचं, पण दिवसाआड घेता येणारं ‘लॅम’ १९९३मध्ये मंजूर झालं. नंतर दिसलं की त्याने ईसीजीतला क्यूटीचा काळ लांबतो आणि ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. २००१मध्ये युरोपने ते थांबवलं, २००३मध्ये अमेरिकेतही उत्पादन बंद झालं. मग १९६०च्या दशकापासून दिल्या जाणाऱ्या मेथाडोनकडेही त्याच नजरेने पाहिलं गेलं आणि २००६मध्ये त्याच्या माहितीपत्रकात हृदयाबाबतचा ठळक इशारा आला.

टर्कीवरचंच दुसरं औषध, लोफेक्सिडिन, अफूच्या वर्गातलं नाही. ब्रिटनमध्ये ते १९९२पासून होतं, अमेरिकेत २०१८च्या मे महिन्यात मंजूर झालं. दोन चाचण्यांत ८६६ प्रौढ होते, काहींना औषध, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. टर्कीचा त्रास कमी झाला, पण रक्तदाब आणि नाडी उतरत होती, उठून उभं राहताना घेरी येत होती. वापराला मंजुरी मिळाली ती जास्तीत जास्त चौदा दिवसांसाठी. मंजुरी देतानाच आणखी पंधरा अभ्यासांची अट घातली गेली, त्यांत व्यसनी आईच्या पोटी जन्मलेल्या बाळांचाही विचार होता. मला ही अट मंजुरीइतकीच मोलाची वाटते.

तरी चौदा दिवसांच्या पलीकडेच खरा धोका सुरू होतो. टर्की उतरली की शरीराची सहनशक्तीही उतरलेली असते, आणि पूर्वी पचलेला डोस आता श्वास थांबवतो. हे औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. ते घरच्यांना वाचून, समजावून सांगणं, आणि पुढच्या उपचाराची तारीख हातात देऊनच रुग्णाला सोडणं, हे डॉक्टरांनीच करायचं काम आहे.