मोठा ढीग लवकर कसा कुजेल?
पालापाचोळ्याचा मोठा ढीग वर्ष उलटलं तरी तसाच पडून राहतो आणि बोल मात्र जिवाणूंचं कल्चर विकणाऱ्याला लागतो. खरं तर कुजवणारे जिवाणू त्या पाल्यावर आधीपासूनच असतात. त्यांची उपासमार आपण करतो. त्यांना कर्बाच्या साधारण ३० भागांमागे नत्राचा १ भाग लागतो. वाळक्या पानांत कर्ब याहून बराच जास्त. म्हणून थराथरात शेण, हिरवा पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा घालावा.

दुसरी अडचण हवेची. ढीग उंच झाला की गाभा दबतो, प्राणवायू पोचत नाही, घाण वास सुटतो. उंची दीड मीटरच्या आसपास ठेवा, लांबी हवी तेवढी. ओलावा मुठीनेच कळतो: माल घट्ट आवळल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर पाणी जास्त. तळहात कोरडाच राहिला तर शिंपडा.

सगळं जमलं की काही दिवसांत आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं. गाभ्यात खुपसून ठेवलेली लोखंडी सळई काढून हात लावा, चटका बसतो. ती कोमट निघू लागली की ढीग उलथायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली पुस्तकातून मांडलेल्या इंदूर पद्धतीत अशी तीनदा उलथापालथ होई आणि सुमारे तीन महिन्यांत खत हाती येई. तेव्हा कल्चरवर पैसे घालण्याआधी एकदा फावडं चालवून बघा.