ओड्वार ब्रॉ: एक काठी मोडली आणि अख्ख्या नॉर्वेच्या लक्षात राहिला

नॉर्वेमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या लोकांशी खेळाच्या गप्पा सुरू झाल्या, की एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. 'ब्रॉची काठी मोडली तेव्हा तुम्ही कुठे होता?'

हा ब्रॉ म्हणजे ओड्वार ब्रॉ, क्रॉस-कंट्री स्कीइंगचा खेळाडू. उतारावरून सुसाट खाली येण्याचा हा खेळ नाही. इथे बर्फातले चढ-उतार पार करत कित्येक किलोमीटर जायचं असतं. पायात लांब, अरुंद स्की आणि दोन्ही हातांत काठ्या. चढावर स्वतःला पुढे ढकलताना पायांच्या जोडीला या काठ्यांचाही जोर लागतो.

१९५१ मध्ये जन्मलेला ब्रॉ सत्तरच्या दशकात नॉर्वेच्या अव्वल स्कीअर्सपैकी एक होता. १९७५ मध्ये त्याला होल्मेनकोलेन पदक मिळालं. नॉर्वेच्या स्कीइंगमधला हा सर्वोच्च सन्मान. पण ऑलिम्पिक किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिप आली, की गाडी अडायची. कारण ऐकून हसू येईल: सर्दी! ऐन मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर ब्रॉ आजारी पडतो, हा देशभर चेष्टेचा विषय झाला होता. खरं तर ज्या खेळात सगळा कस फुप्फुसांचा लागतो, तिथे साधी सर्दीही वर्षभराची मेहनत पाण्यात घालवू शकते.

मग आला फेब्रुवारी १९८२. वर्ल्ड चॅम्पियनशिप होती घरच्या मैदानावर, ऑस्लोच्या होल्मेनकोलेनमध्ये. तिशीतल्या ब्रॉने १५ किलोमीटरचं सुवर्ण जिंकलंच. पण लोकांना आठवते ती रिले. चार खेळाडू, प्रत्येकी १० किलोमीटर. नॉर्वेकडून शेवटचा टप्पा ब्रॉचा होता आणि त्याच्यासमोर होता सोव्हिएत संघाचा अलेक्झांडर झाव्यालोव्ह.

शर्यत संपत आली असताना दोघांची धडक झाली आणि ब्रॉची काठी मोडली. काही अंतर तो एकाच काठीवर गेला. ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्यांकडून त्याला दुसरी काठी मिळाली (मोडलेली काठी बदलून घेणं नियमात बसतं). तोवर झाव्यालोव्ह पुढे निघून गेला होता. ब्रॉने त्याला गाठलं आणि दोघांनी जवळपास एकाच क्षणी रेषा ओलांडली. फिनिशचा फोटो पाहूनही पहिला कोण हे ठरेना. शेवटी सुवर्ण दोन्ही संघांना देण्यात आलं.

म्हणजे ज्या शर्यतीची आठवण काढली जाते, ती नॉर्वेने एकट्याने जिंकलेलीही नाही. ब्रॉच्या नावावर ऑलिम्पिकचं एकही सुवर्ण नाही. १९७२ आणि १९८० च्या रिलेमधली दोन रौप्यपदकं, बस्स. त्याच्यानंतर आलेल्या ब्योर्न डेली आणि मारिट ब्योर्गेन यांच्याकडे प्रत्येकी ८ ऑलिम्पिक सुवर्णपदकं आहेत. तरीही 'तुम्ही कुठे होता?' हा प्रश्न चिकटला तो ब्रॉलाच.

याचं एक कारण टीव्ही. १९८२ मध्ये नॉर्वेत एनआरके हे सरकारी चॅनेल एकटंच होतं. टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाने ती काठी एकाच क्षणी मोडताना पाहिली. पण मला त्याहून मोठं कारण ती सर्दी वाटते. हा माणूस ऐन वेळी कसा हरतो, हे लोकांनी दहा वर्षं पाहिलं होतं. काठी मोडली तेव्हा 'झालं, या वेळीही गेलं' असंच अनेकांच्या मनात आलं असणार. आणि त्यानंतर तो झाव्यालोव्हच्या मागे लागला.