पिकअप कुठे गेला

सकाळी ८.४०. शटर वर जातं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेजारचे लेथ केव्हाच सुरू झालेत. मिस्त्रींचा गाळा दोन मोटारी जेमतेम मावतील एवढा. भाडं महिन्याला सात हजार. हाताखाली एक पोरगा, आयटीआय झालेला, चारशे रुपये रोजावर. तो झाडू मारतो, मग बाकावर फडकं पसरून हत्यारं मांडतो. दहा-बाराचा पाना, चौदाचा रिंग पाना, प्लगची गोटी, फिलर गेज, पक्कड, टेस्ट लॅम्प. कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्यूम गेज मात्र मिस्त्री स्वतः कपाटातून काढतात. दोन्ही जुन्या कापडात गुंडाळलेले.

९.१५. पांढरी मारुती ८०० दारात येते. एमएच ०९, १९९३ची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. मालक निवृत्त शिक्षक. गुरुजी उतरतात आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढतात. दुसऱ्या एका गॅरेजने लिहून दिलेली. हाफ इंजिन, रिंगा, व्हॉल्व, गॅसकिट सेट. चोवीस हजार.

मिस्त्री चिठ्ठी बाजूला ठेवतात. "गुरुजी, गाडीला काय होतंय ते सांगा की."

"सपाटीला बरी चालते. वाघबिळापासून पन्हाळ्याचा चढ लागला की तिसऱ्यात दम धरत नाही. दुसरा टाकावा लागतो. टेंपरेचरचा काटाही जरा वर जातो. अ‍ॅव्हरेज सोळाचं अकरावर आलंय."

"गार असताना पण असंच?"

"गार असो, गरम असो."

"धूर?"

"नाही."

"तेल किती पितीया?"

"दोन हजार किलोमीटरला पाव लिटर."

मिस्त्री डिपस्टिक ओढून बघतात. पुसतात, परत घालून बघतात. गुरुजी सांगतात, २०२३ला पुन्हा पासिंग केलं तेव्हा नुसती फीच पाच हजार भरली. त्याच्या आधीच्या खेपेला सहाशे होती. आता २०२८पर्यंत गाडी चालवायचीच आहे.

९.४०. बॉनेट पुन्हा बंद. मिस्त्री गाडी न्यूट्रलला टाकून एका हाताने ढकलतात. सहज सरकते. मागची चाकं जॅकवर घेऊन पोरगा फिरवून बघतो, ब्रेक कुठे धरत नाहीत. मग हँडब्रेक ओढून तिसरा गिअर, थोडी रेस, आणि क्लच हळूहळू सोडतात. इंजिन धडकन बंद पडतं. क्लच घसरत असता तर चालूच राहिलं असतं.

"हे आधी का बघायचं?" पोरगा विचारतो.

"ब्रेक धरून ठेवत असले तर इंजिन बिचारं काय करंल? आधी ठरवायचं, दोष इंजिनाचाच हाय का."

१०.१०. आता बॉनेट परत उघडतं. इंजिन गरम आहे, तसंच पाहिजे. तिन्ही प्लग बाहेर येतात. कॉइलची वायर काढून ठेवली जाते. पोरगा आत बसतो, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरतो. मिस्त्री पहिल्या भोकात गेज बसवतात. "घुमव." पाच वेळा घुमतं. काटा १५० पौंडांवर थांबतो. दुसरा १५५. तिसरा १४८. मिस्त्री खडूने तिन्ही आकडे बाकाच्या फळीवर लिहितात.

"दीडशेच्या आसपास हायत, आणि तिघांत दहाचासुद्धा फरक नाही. रिंगा ठीक, व्हॉल्व ठीक. गुरुजी, इंजिन खोलायचं नाही."

गुरुजी स्टुलावर बसलेत. काही बोलत नाहीत. चिठ्ठीची आणखी एक घडी घालतात.

तिन्ही प्लगांची टोकं कोरडी काळी. बदामी हवी होती. मिस्त्री ते क्रमाने फडक्यावर ठेवतात, एक, दोन, तीन. कुठला कुठल्या सिलिंडरचा, हे विसरून चालत नाही.

१०.५०. मध्येच एक ओम्नी येते. पावाची लाइन करणारा ड्रायव्हर, घाईत. गाडी स्लोला सारखी बंद पडते. मिस्त्री इंजिन चालू ठेवून कान देतात. सू सू आवाज. मॅनिफोल्डवरची व्हॅक्यूमची नळी टोकाला चिरलेली. ब्लेडने इंचभर टोक कापतात, नळी परत चढवतात, क्लिप आवळतात. इंजिन एकसारखं चालू लागतं. सगळी मिळून दहा मिनिटं.

"किती झालं?"

"शंभर द्या."

"मिस्त्री, बदललं तर काहीच नाही तुम्ही." तो पन्नासची नोट ठेवतो. मिस्त्री ती खिशात घालतात आणि मारुतीकडे वळतात.

११.२०. प्लग परत बसतात. मॅनिफोल्डच्या नळीला व्हॅक्यूम गेज लागतो. समुद्रकाठच्या गावात चांगलं इंजिन स्लोला १७ ते २१ इंच दाखवतं. हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतो. कोल्हापूर १,८०० फुटांच्या आसपास, म्हणजे इथे १५ ते १९ हवेत. काटा १४वर उभा आहे. स्थिर.

"बघ, हलतोय का?" मिस्त्री पोराला पुढे ओढतात. "व्हॉल्व जळला असता तर काट्यानं उड्या मारल्या असत्या. हा हलत नाही, नुसता खाली हाय. म्हणजे तिघांनाही एकच आजार हाय."

रेस धरून बघतात. काटा हळूहळू घसरत नाही. सायलेन्सर तुंबलेला नाही.

१२.००. डिस्ट्रिब्यूटरची कॅप निघते. मिस्त्री रोटर दोन बोटांनी पिळतात. पिळला की स्प्रिंगने तो झटकन माघारी यायला हवा. हा आहे तिथेच राहतो. मग फिलर गेजची पाती. पॉइंटची गॅप ०.४० ते ०.५० मिलिमीटर पाहिजे. इथे ०.२०ची पातीसुद्धा अडकते.

कारण डोळ्यांना दिसतं. कॅमवर ग्रीसचा पत्ता नाही. कोरड्या कॅमवर घासून पॉइंटचं फायबर झिजलं. फायबर झिजलं की गॅप मिटत जाते, पॉइंट उशिरा उघडतो, स्पार्क उशिरा पडतो. शिवाय इंजिनाचा वेग वाढेल तसा स्पार्क आणखी लवकर पडावा म्हणून खाली दोन वजनं असतात. ती गंजून जाम झालीत. घाटात रेस द्यावी तेव्हा नेमकी तीच लागतात. पेट्रोल जळतं, पण उशिरा. जोर पिस्टनवर येण्याऐवजी निम्मा सायलेन्सरातून जातो, म्हणून इंजिन तापतं.

१.३०. डबा. मिस्त्रींची भाकरी, झुणका. गुरुजी घरी जेवून येतात. पोरगा स्पेअरच्या दुकानात जाऊन आलाय. पॉइंट १८०, कंडेन्सर ७०, तीन प्लग ३३०, पेट्रोल फिल्टर ६०. पॉइंटसाठी दुकानदाराला माळ्यावर चढावं लागलं. मारुतीने २०१४च्या जानेवारीत ८००चं उत्पादनच थांबवलं. कार्बोरेटर तर त्याच्याही खूप आधी गेला.

२.४५. दोष सापडला तरी मिस्त्री पेट्रोल बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरतात. पोरगा स्टार्टर मारतो. पेट्रोल दमदार पिचकाऱ्यांनी येतं. पंप चांगला. फिल्टर जुना, तो बदलतात. मग टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढतात. बारीक धार उडते. तेही ठीक. रबरी नळीचा एक वीतभर तुकडा मात्र फुगून मऊ पडलाय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि ही नळी त्याच्या कितीतरी आधीची. बाहेरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्यात. नवी नळी चाळीस रुपयांची.

३.३०. डिस्ट्रिब्यूटरची प्लेट उचलली जाते. वजनं पेट्रोलात ब्रशने घासायची, हलवायची, परत घासायची. पाऊण तास यातच जातो. मोकळी झाली की दोन थेंब तेल. कॅमला चिमूटभर ग्रीस, जास्त नाही. जास्त झालं तर उडून पॉइंटवर जातं. नवा पॉइंट, गॅप ०.४५. पाती ओढताना किंचित अडली पाहिजे. मिस्त्री पोराच्या हातात पाती देतात. "हे हाताला कळलं पाहिजे." पोरगा तीन-चारदा ओढून बघतो.

४.३०. गिअरबॉक्सवरच्या खिडकीचं रबरी बूच निघतं. आत फ्लायव्हीलवर टायमिंगची खूण. चुन्याने पांढरी करून घेतात. टायमिंग लाइटच्या उजेडात खूण थांबल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून मिस्त्री तो केसभर फिरवतात. खूण जागेवर येते. व्हॅक्यूमचा काटा १४वरून साडेसतरावर. रेस दिली की खूण पुढे सरकते. वजनं उघडतायत.

५.१५. चाचणी. गुरुजी चालवतात, मिस्त्री शेजारी, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर. शिवाजी पूल ओलांडून केर्लीवरून वाघबीळ. चढ लागतो. काच खाली, मिस्त्रींचा कान बाहेर. तिसऱ्यात गाडी ४५ धरते. एका वळणावर पूर्ण दाबल्यावर इंजिन बारीक खडखडतं. "थांबवा." बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटर केसभर मागे. पुन्हा चढ, पुन्हा पूर्ण रेस. खडखड गेली, जोर राहिला. गुरुजी दुसऱ्या गिअरकडे गेलेला हात मागे घेतात.

७.१०. बिल. सुटे भाग ६८०. मजुरी ७००. तपासणी ५००. एकूण १,८८०.

गुरुजी चष्मा चढवून एकेक ओळ वाचतात. बोट तिसऱ्या ओळीवर थांबतं. "तपासणी म्हणजे?"

"दहा ते बारा जे काय केलं ते."

गुरुजी फळीवरच्या खडूच्या आकड्यांकडे बघतात. दीडशे, एकशे पंचावन्न, एकशे अठ्ठेचाळीस. मग पाकीट काढतात आणि १,८८० मोजून देतात.

७.३०. पोराचे चारशे बाजूला निघतात. दिवसाचं भाडं सव्वादोनशेच्या वर. वीज, चहा, हात धुवायची पावडर. ओम्नीचे पन्नास धरून मिस्त्रींच्या हातात साडेपाचशेच्या आसपास राहतात. सुट्या भागांचे पैसे उद्या दुकानात जायचेत. मिस्त्री वहीत गाडीचा नंबर लिहितात. त्याखाली कॉम्प्रेशनचे तीन आकडे, व्हॅक्यूम आधी आणि नंतर, पॉइंटची गॅप, तारीख.

गुरुजी गाडी सुरू करतात. मिस्त्री काचेशी वाकतात.

"पाचशे किलोमीटरला घेऊन या. नवं फायबर बसतं, गॅप परत बघावी लागती."

"त्याचे किती?"

"पन्नास. बघायचे."

"लिहून ठेवा," गुरुजी म्हणतात. मिस्त्री वहीत तेही लिहितात.