निवडणाऱ्याचा हिशेब

विद्यार्थ्यांनो, भारताचा संघ मोठा सामना हरला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पाचोडमध्ये काय चालते, ते तुम्ही पाहिलेच असेल. चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र एकच असते आणि ते वाचणारे आठ जण. मोसंबीच्या बाजारात लिलाव सुरू व्हायला थोडा वेळ असतो, तोवर तेथेही हाच विषय. प्रथम झेल सोडणाऱ्याचा उद्धार होतो. मग कर्णधाराची पाळी येते. शेवटी कोणीतरी ग्लास खाली ठेवून म्हणतो, "अहो चाचा, खेळणाऱ्यांना काय बोलायचे? असला संघ ज्याने निवडला, त्याला आधी काढा!" चाचा म्हणतात, "त्याने काय करावे? बॅट त्याच्या हातात होती का?" आणि बोलता बोलता चहा थंड होतो.

ज्याच्याविषयी हा वाद चालतो, तो माणूस म्हणजे राष्ट्रीय निवड समितीचा अध्यक्ष. निवड म्हणजे इंतिखाब. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. उर्दूत इंतिखाब आणि इंतिखाबात हे एकाच घरातले शब्द आहेत. मराठीतही निवड आणि निवडणूक हे शब्द तसेच जवळचे आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे. निवडणुकीत आपण मत देतो. निवड समितीसाठी आपण मत देत नाही. तिला भारतीय क्रिकेट नियामक मंडळ नेमते. म्हणजे टपरीवर आवाज कितीही चढला तरी त्या माणसाला काढण्याचा अधिकार टपरीला नाही. वाद घालण्याचा हक्क मात्र सर्वांना आहे, आणि तो नीट घालता आला पाहिजे.

समितीत पाच सदस्य असतात. पूर्वी उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य अशा प्रत्येक विभागातून एक सदस्य घेत असत. देशभर चालणारे सामने पाहायचे, नवे खेळाडू हेरायचे, जुने थकले आहेत का ते ओळखायचे आणि दौऱ्यासाठी पंधरा-सोळा जणांची यादी करायची, हे त्यांचे काम. त्या यादीतले कोणते अकरा मैदानात उतरवायचे, हे मात्र साधारणपणे कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. टपरीवरचे निम्मे भांडण हा फरक न समजल्यामुळे होते.

असा माणूस इतर देशांतही असतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडू-दांड्याचा खेळ फार लोकप्रिय आहे. तेथे प्रत्येक संघाचा एक जनरल मॅनेजर असतो. कोणत्या खेळाडूला पैसे देऊन आणायचे आणि कोणाला सोडायचे, हे तो ठरवतो. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने १९९८ साली ब्रायन कॅशमन यांना या पदावर नेमले. १९९८, १९९९, २००० आणि २००९ या चार वर्षी संघाने अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली, पण अजिंक्यपद काही आले नाही. एक गट म्हणू लागला, एवढा पैसा असून हा माणूस काय करतो? दुसरा गट म्हणे, याच्या काळात एकदाही हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त झाले नाहीत. २०२३ च्या हंगामात १६२ सामन्यांपैकी ८२ जिंकले आणि ८० हरले, म्हणजे अगदी काठावर पास! दोन्ही गट खरेच बोलत होते.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. दिलीप वेंगसरकर हे मुंबईचे नामवंत फलंदाज. त्यांनी ११६ कसोटी सामने खेळले आणि इंग्लंडमधील लॉर्ड्सच्या मैदानावर तीन शतके काढली. २००६ साली ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, मार्च २००७ मध्ये, वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषक स्पर्धा झाली. १७ मार्चला बांगलादेशाने भारताला पाच गडी राखून हरवले. २३ मार्चला श्रीलंकेकडून हार झाली आणि भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. देशात संतापाची लाट उसळली. खेळाडूंच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. रांचीत महेंद्रसिंग धोनीचे घर बांधले जात होते, त्याचीही लोकांनी नासधूस केली. निवड समितीला घरी पाठवा, अशी हाकाटी अर्थातच झाली.

पण थांबा. त्या संघातली नावे पाहा: तेंडुलकर, द्रविड, गांगुली, सेहवाग, युवराज, धोनी, कुंबळे, हरभजन, झहीर. तुम्ही अध्यक्ष असता तर यांतले कोणते नाव गाळले असते? हरल्यानंतर सांगू नका, हरण्यापूर्वी काय सांगितले असते ते सांगा.

निवडणाऱ्याचा हिशेब करताना हाच प्रश्न पहिला विचारायला हवा, असे मला वाटते. यादी लिहिताना त्याच्यापुढे कोणती माहिती होती आणि त्या माहितीवर त्याने शहाणपणाने ठरवले का? निकाल आपल्याला नंतर कळतो. त्याला तो आधी कळत नाही.

पुढची हकीकत तर फारच मजेची आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत वीस षटकांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांनी आपण जाणार नाही, तरुणांना संधी द्या, असे सांगितले. समितीने तरुण संघ निवडला आणि धोनीला कर्णधार केले. होय, ज्याच्या घराची नासधूस झाली होती तोच धोनी. २४ सप्टेंबरला जोहान्सबर्ग येथे पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना झाला. भारताने १५७ धावा केल्या. गौतम गंभीरने ७५ काढल्या, तर इरफान पठाणने फक्त १६ धावा देऊन तीन बळी घेतले. शेवटचे षटक जोगिंदर शर्माला दिले. पाकिस्तानला जिंकायला चार चेंडूंत सहा धावा हव्या होत्या. मिसबाह-उल-हकने चेंडू मागे उचलला, तो उंच उडाला आणि श्रीशांतच्या हातात विसावला. भारत पाच धावांनी जिंकला. श्रीलंकेकडून झालेल्या त्या पराभवाला सहा महिने आणि एक दिवस झाला होता. अध्यक्ष तेच होते!

आता असे समजा की तो चेंडू श्रीशांतच्या डोक्यावरून सीमेपार गेला असता. मग याच टपरीवर काय म्हटले असते? "अनुभवी माणसे घरी ठेवली आणि पोरे पाठवली, दुसरे काय होणार?" निवड तीच, माणूस तोच, फक्त चेंडू दोन हात पुढे पडला असता. नशिबाचा वाटा किती असतो, हे यावरून ध्यानात येईल. तुम्ही शेतकऱ्यांची मुले आहात, तुम्हाला हे अधिक समजावून सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या पैठण तालुक्यातल्या आणि शेजारच्या अंबड भागातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन घातले तरी झाडे जगली नाहीत. ते बागवान काय अडाणी होते?

मोसंबीवरून आणखी एक गोष्ट सुचते. कलम लावल्यावर पहिली चार-पाच वर्षे नुसता खर्च असतो. निवड समितीची मुदत त्याहूनही कमी असू शकते. २००८ च्या मार्चमध्ये विराट कोहलीच्या नेतृत्वाखाली भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकला. त्याच ऑगस्टमध्ये वेंगसरकरांच्या समितीने त्याला श्रीलंकेतील एकदिवसीय सामन्यांसाठी निवडले. पहिल्या सामन्यात त्याने बारा धावा केल्या. बारा धावा पाहून कोण म्हणाले असते की हे झाड पुढे लगडणार आहे? त्याचे पहिले एकदिवसीय शतक डिसेंबर २००९ मध्ये कोलकात्यात झाले. तोवर वेंगसरकर पदावर नव्हते. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांची मुदत संपली आणि कृष्णम्माचारी श्रीकांत अध्यक्ष झाले. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, वेंगसरकरांनी जाहीरपणे म्हटले की, दुसऱ्या एका फलंदाजाला डावलून कोहलीला घेतले म्हणूनच माझे पद गेले. मंडळाच्या ज्या पदाधिकाऱ्यांवर त्यांचा रोख होता, त्यांनी हा आरोप साफ नाकारला. खरे काय ते त्या दोघांना ठाऊक. आपल्याला एवढेच दिसते की कलम एकाने लावले आणि फळ दुसऱ्याच्या काळात आले. म्हणून अध्यक्षाची परीक्षा घेताना त्याने लावलेल्या झाडांकडेही पाहावे लागते, आणि ती पाहायला तो गेल्यावरही काही वर्षे थांबावे लागते. टपरीवर एवढा धीर कोणाला असतो?

आता तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील, "सर, असे असेल तर कोणालाच काढता येणार नाही. प्रत्येक जण म्हणेल, नशीब खराब होते, फळ पुढे येईल." प्रश्न अगदी बरोबर आहे. नशिबाची ढाल कोणालाही कायमची देता येत नाही. म्हणून कामाकडे पाहायचे. अध्यक्ष सामने पाहायला जातो का? एखाद्याला वगळले तर कारण सांगतो का? आपल्या गावचा, आपल्या विभागाचा म्हणून कोणाला झुकते माप देतो का? नाव मोठे पण खेळ संपलेला, अशा माणसाला वगळण्याचे धैर्य त्याच्यात आहे का? या गोष्टी निकालाची वाट न पाहता तपासता येतात.

झहीर खानचे उदाहरण घ्या. हा आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा. २००६ साली तो संघाबाहेर गेला होता. पुष्कळांनी त्याच्या नावावर काट मारली होती. तो इंग्लंडला जाऊन वूस्टरशर या काउंटी संघाकडून खेळला आणि एका हंगामात ७८ बळी घेतले. वेंगसरकरांची समिती आल्यावर त्याला दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर पुन्हा घेतले. जुलै २००७ मध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत झहीरने नऊ बळी घेतले. तो सामना भारताने जिंकला आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिकाही जिंकली. दूरदेशी कोण किती बळी घेत आहे याची नोंद ठेवणे आणि त्याला परत बोलावणे, हे निवडणाऱ्याचे खरे काम. येथे नशिबाचा भाग थोडा आणि लक्ष ठेवण्याचा जास्त. या कामाचे त्या समितीला पूर्ण गुण द्यायला माझी हरकत नाही.

धैर्याचेही एक उदाहरण आहे. २००८ च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील एकदिवसीय सामन्यांसाठी याच समितीने गांगुली आणि द्रविड या दोघांना घेतले नाही. कोलकात्यात फार राग व्यक्त झाला. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाला अंतिम फेरीत लागोपाठ दोनदा हरवून भारताने ती स्पर्धा जिंकली, तेव्हा राग निवळला. भारत हरला असता तरी त्या निवडीमागचे कारण, म्हणजे चपळ क्षेत्ररक्षण करणारे तरुण हवेत, हे कारण खोटे ठरले नसते.

मंडळदेखील कधी कधी टपरीसारखेच वागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये वीस षटकांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडने भारताला दहा गडी राखून हरवले. आठवडाभरात मंडळाने निवड समितीच्या सर्व जागांसाठी नवे अर्ज मागवले, म्हणजे चेतन शर्मा यांची समिती गेलीच. जानेवारी २०२३ मध्ये नवी समिती जाहीर झाली. अध्यक्ष कोण? चेतन शर्मा! आधीचे काढणे बरोबर असेल तर पुन्हा नेमणे चूक, आणि नेमणे बरोबर असेल तर काढणे चूक. दोन्ही एकदम बरोबर कसे, हे गणित मला सुटलेले नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतः राजीनामा दिला. जुलै २०२३ मध्ये मुंबईचे अजित आगरकर अध्यक्ष झाले. जून २०२४ मध्ये बार्बाडोस येथे भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आगरकर शहाणे ठरले. त्याच वर्षी न्यूझीलंडने भारतात येऊन कसोटी मालिका तीन-शून्य अशी जिंकली, तेव्हा तेच आगरकर लोकांना अडाणी वाटू लागले.

ही सवय आजची नाही. १९७१ साली वेस्ट इंडीजला संघ पाठवायचा होता. निवड समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. मन्सूर अली खान पतौडी हे लोकांचे लाडके कर्णधार. त्यांच्याजागी मर्चंट यांच्या निर्णायक मताने मुंबईचे अजित वाडेकर कर्णधार झाले, असे सांगितले जाते. अनेकांना ते रुचले नाही. पण त्या वर्षी भारताने वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये, दोन्हीकडे प्रथमच मालिका जिंकली. मुंबईत वाडेकरांचे स्वागत करायला रस्त्याच्या दुतर्फा माणसेच माणसे होती. १९७४ साली हेच वाडेकर इंग्लंडमध्ये तीन-शून्य असे हरले. लॉर्ड्सवर तर सारा संघ ४२ धावांत बाद झाला होता. त्याच मुंबईत त्यांच्या घरावर दगड पडले. वाडेकर लवकरच निवृत्त झाले. पुढे १९९० च्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, आणि त्यानंतर ज्या खुर्चीवर बसून मर्चंट यांनी त्यांना निवडले होते, त्याच खुर्चीवर निवड समितीचे अध्यक्ष म्हणून बसले. मग यादी तेच करू लागले, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर वाचली जाऊ लागली.